सतराचे एकाहत्तर

३ मार्च

धाकटे,

वर आशीर्वाद लिहिणार होतो. मग वाटलं, तू ते घेशील की नाही कोण जाणे, म्हणून नुसतीच सुरुवात करतो. अक्षर ओळखणार नाहीस. माझं आहे, दादाचं. चौथीनंतर मी जे काही लिहिलं ते दुकानातल्या चष्म्याच्या नंबरांच्या वहीत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघू नकोस.

मधला गेल्याचं तुला त्याच दिवशी कळलं, हे मला माहीत आहे. त्याच्या थोरल्या मुलीने तुला फोन केला तेव्हा मी तिच्या शेजारीच उभा होतो. ती म्हणाली, "मोठेकाका, आत्याशी बोलता का?" मी हाताने नको म्हटलं. तू ठेवून दिला असतास तर पोरीसमोर बरं दिसलं नसतं. गुडघ्यामुळे तुला प्रवास जमणार नाही, असं तिने मागाहून सांगितलं.

तो कसा गेला ते तिने नीट सांगितलं की नाही? बुधवारी सकाळी बूट घालताना गेला. एक बूट पायात, एक हातात. भावजय म्हणते, "मला वाटलं नाडीची गाठ सोडवतायत, म्हणून मी हाक मारली नाही." आता ती दिवसातून चारदा तेच म्हणते. मी म्हणतो, हाक मारली असतीस तरी काय झालं असतं. आणि मग मलाच वाटतं, झालं असतं का काही?

पत्र लिहिण्याचं कारण दुसरं आहे. इथल्या संसर्गाच्या दवाखान्यात मधला रोज चार ते सहा जायचा, हे तुला माहीत असेलच. पाणीखात्यातली मीटर वाचायची नोकरी दुपारी संपायची, तिथून तो थेट तिकडे. त्या दवाखान्यात नातेवाइकांना आत सोडत नाहीत. लोखंडी जाळीपाशी उभं राहायचं आणि निरोप द्यायचा. मधला तो ऐकायचा, तोंडाला फडकं बांधून आत जायचा, ज्याचा त्याला सांगायचा, उत्तर घेऊन बाहेर यायचा. एकोणतीस वर्षं, फुकट. कागदावर काही लिहून घ्यायचा नाही. चाळीस खाटांचे चाळीस निरोप डोक्यात. लोक त्याला निरोपेकाका म्हणायचे, आणि पुष्कळांना ते त्याचं आडनावच वाटायचं. सांत्वनाची चार पत्रं 'श्रीमती निरोपे' अशी आली. भावजय म्हणाली, "उभा जन्म संसार केला आणि आता माझं आडनाव बदललं." ती हसली, तेवढीच एकदा.

तर तिथल्या मेट्रनबाईंना जाळीजवळच्या खोलीत त्याच्याबद्दल एक पान चौकटीत लावायचं आहे. लहानपणापासूनचं सगळं. भावजय म्हणाली, तुम्ही थोरले, तुम्हीच लिहा. मी आठ दिवस कागद घेऊन बसलोय. 'तो चांगला होता' इतकं लिहिलं आणि खोडलं. तुला जे आठवतं ते लिहून पाठव. मला पाठवायचं नसेल तर भावजयीच्या पत्त्यावर पाठव.

दादा

(पाकिटाचं वजन करताना पोस्टातला काटा मधेच थांबला, म्हणून तिकीट एक जास्तीचं लावलंय. नाहीतर दंड तुला पडायचा.)


१९ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. मी पोस्टात जाऊन विचारलं. खिडकीतली बाई म्हणाली, "आजोबा, साधं पत्र पोचलं की नाही ते आम्हाला कसं कळणार?" मी म्हटलं, मग तुम्ही इथे बसता कशाला? ती रागावली नाही, उलट मला बसायला स्टूल दिलं. म्हणजे माझा चेहरा किती वाईट झाला असेल बघ.

पान थोडं पुढे सरकलंय. मधला सकाळी दोन्ही मुलींच्या वेण्या घालायचा, भावजयीला पहाटे कारखान्याची पाळी असायची म्हणून. लहानीची वेणी नेहमी वाकडी व्हायची, आणि शाळेतल्या बाई विचारायच्या, आज बाबांची पाळी का. साडेसहाला म्हणजे साडेसहाला तो घरात असायचा. दवाखान्यातून आल्यावर कपडे बादलीत, अंगावर गरम पाणी, मगच कुणाला हात लावायचा. गेली दोन वर्षं भावजयीला वाकता येत नाही, तर तिच्या पायाची नखं तोच कापायचा. हे लिहू का भिंतीवर? भावजय म्हणते, "नखांचं नको हो, लोक काय म्हणतील."

आता जे लिहितो त्यामुळे माझी झोप उडाली आहे.

मेट्रनबाईंना मी म्हटलं, त्याची स्मरणशक्ती दांडगी होती, हे लिहितो. बाई म्हणाल्या, "स्मरणशक्ती कसली. ते निरोप जसाच्या तसा कधी सांगायचेच नाहीत."

मी म्हटलं, म्हणजे?

त्या म्हणाल्या, "एका म्हाताऱ्याची सून जाळीपाशी आली. एवढंच म्हणाली, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय विचारा. काका आत जाऊन त्या म्हाताऱ्याला म्हणाले, सूनबाई म्हणतात, तुम्ही नसलात की घरात काही सापडत नाही. म्हातारा आठ दिवसांनी पहिल्यांदा जेवला. आणि किल्लीही सांगितली."

मी म्हटलं, हे खोटं झालं.

"खोटं कुठे," बाई म्हणाल्या. "किल्ली खरंच सापडत नव्हती ना?"

घरी आलो आणि तेव्हापासून एकच डोक्यात आहे. तू बोलणं टाकलंस त्याला एकतीस वर्षं झाली. एवढी वर्षं मधला दर रविवारी दहा वाजता माझ्या खोलीवर यायचा, एकच खुर्ची म्हणून स्वतः खाटेवर बसायचा, आणि उठताना म्हणायचा, धाकटी विचारत होती. कधी, दादाच्या डोळ्यांचं कसं काय. कधी, दादा अजून बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघतो का. मी म्हणायचो, सांग तिला, तीनदा ओढतो. मी लग्न केलं नाही, मला मूलबाळ नाही. दिवसभर काचा घासायच्या आणि खोलीवर यायचं. रविवारचा तो एक निरोप मला आठवडाभर पुरायचा.

अजूनही रविवारी दहाला मी दार उघडून बसतो. समोरच्या मजल्यावरची बाई विचारते, कुणी यायचंय का. मी म्हणतो, हवा येते.

तर विचारायचं ते हे. तू खरंच विचारायचीस का? एवढंच कळव.

दादा


८ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र आलं. उभ्यानेच फोडलं. मग बसलो.

तू कधीच विचारलं नाहीस. एकदाही नाही. बरं, कळलं. विचारलं मीच, तेव्हा तक्रार नाही.

माझ्याकडून तुला दर महिन्याला गुडघ्याची चौकशी यायची, आणि तुझी मुलगी नोकरीला लागली तेव्हा शाबासकी आली, असं तू लिहितेस. गप्प राहिलो तर ते माझ्या नावावर जमा होईल, म्हणून सांगतो. तुझा गुडघा दुखतो हे मला फेब्रुवारीत कळलं, फोनच्या दिवशी. आम्हा दोघांना एकमेकांचं जे चांगलं माहीत होतं, ते सगळं त्याने खाटेवर बसून बनवलेलं होतं.

भिंतीसाठी तू पानभर लिहून पाठवलंस, ते फार छान उतरलंय. तो तुला पाठुंगळीला घेऊन शाळेत सोडायचा, हे मी विसरलो होतो. फक्त शेवटचा भाग. तो मी इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय त्यात घोटाळा नको:

'माझ्या या भावाने आयुष्यात एकच चूक केली. आई आजारी असल्याची तार करताना माझ्या घराचा आकडा सतराऐवजी एकाहत्तर लिहिला. तार पोचली नाही आणि आई मला दिसली नाही. मीटर वाचणाऱ्या माणसाकडून आकडा चुकला. मी त्याला त्याच दिवशी माफ केलं. निरोप देणाऱ्या-घेणाऱ्यांनी काळजी घ्यावी म्हणून हेही भिंतीवर असू द्या.'

यातलं एक वाक्यही गाळायचं नाही, गाळलं तर पानच लावायचं नाही, असं तू खाली लिहिलंयस.

धाकटे, हा भाग काढला तर नाही का चालणार? भिंतीवर जागा कमी आहे. चौकट दीड हाताची आहे, मी मोजली. शिवाय तिथे बसणारे लोक आधीच घाबरलेले असतात, त्यांना कशाला सांगायचं की निरोप पोचत नाहीत. आणि सतरा-एकाहत्तरवरून आधीच त्याला लोकांनी किती छळलं. पाणीखात्यात कुणाचं बिल चुकलं की म्हणायचे, आज सतराचे एकाहत्तर झाले वाटतं. तो हसायचा. मी तिथे असलो की मीही हसायचो.

मेट्रनबाईंना मात्र तोच भाग सगळ्यात आवडला. त्या म्हणाल्या, "आता कळलं ते इथे का यायचे. त्या एका चुकीची भरपाई करत होते बिचारे. हे वर घेऊ, सुरुवातीलाच." अक्षरं काढणारा पेंटर वीस तारखेला येणार आहे.

विचार कर. जागेचं खरंच आहे.

दादा


११ एप्रिल

धाकटे,

मागचं पत्र फाडून टाक. जागा भरपूर आहे.

त्याने सतराचे एकाहत्तर केले नाहीत. त्याने काहीच लिहिलं नाही. तार झालीच नाही.

आता क्रमाने सांगतो, नाहीतर मी पुन्हा चौकटीच्या मापात शिरेन.

आई आजारी पडली त्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, तीन-चार दिवस, मुलांना बोलावून घ्या. मधला पोस्टात निघाला. पायात बूट, हातात तारेचा कोरा फॉर्म. मी त्याला दारात अडवलं. तुला आठवा महिना होता. त्याआधीचं तुझं एक गेलं होतं. तुला डॉक्टरांनी जिनासुद्धा उतरायचा नाही म्हणून सांगितलं होतं, आणि इथे यायचं म्हणजे दोन दिवसांचा रस्ता. मी म्हटलं, आज नको, उद्या बघू. मधला म्हणाला, "दादा, तिचं तिला ठरवू दे." मी म्हटलं, ती ठरवणार नाही, ती धावत येईल. तिला काही झालं तर तू जबाबदार का? तो उंबऱ्यावर कितीतरी वेळ उभा होता. मग त्याने बूट काढले. तेव्हा घरात माझा शब्द चालायचा. माझ्या आयुष्यात तो तेवढाच काळ चालला, आणि त्यात मी हे केलं.

मंगळवारी आई म्हणाली, "धाकटीला कळवलं ना?"

मी म्हटलं, कळवलं.

ती म्हणाली, "मग येईल." आणि दाराकडे तोंड करून निजली. बुधवारीही ती कूस बदलत नव्हती. गुरुवारी गेली.

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मधल्याला माहीत होतं, तो खोलीतच होता.

मग तुला मावशीच्या मुलीकडून कळलं आणि रविवारी तू आलीस. रस्ताभर हिंदकळत, एवढं पोट घेऊन, आणि दारात उभी राहिलीस ती ठणठणीत. तुला काहीसुद्धा झालं नव्हतं. तुला वाटेल मला हायसं वाटलं असेल. नाही. तुला काही होऊ नये म्हणून मी ते केलं होतं, आणि तुला तर काही होणारच नव्हतं. मग मी काय केलं? इतकी माणसं बसली होती. तू म्हणालीस, "मला कुणी कळवलं का नाही?" आणि माझ्या तोंडून निघालं, कळवलं होतं, यायचं असतं तर वेळेवर आली असतीस.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. मधला कोपऱ्यातून पुढे आला आणि म्हणाला, "तार मी केली. आकडा चुकला माझा. सतराचे एकाहत्तर झाले." इतक्या सहज म्हणाला की क्षणभर मलाही खरं वाटलं. तू त्याला जवळ घेतलंस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "आजपासून मला एकच भाऊ." मी वाट बघत होतो की तो बोलेल. तो बोलला नाही. तो बोलणार नाही हे कळल्यावर मीही बोललो नाही.

मागाहून मी त्याला एकदा विचारलं, असं का केलंस. तो म्हणाला, "तिला एक तरी भाऊ उरायला हवा होता." मी म्हटलं, मग खरं सांगितलं असतंस तरी तूच उरला असतास. तो म्हणाला, "आणि तू?" त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दोन वर्षांनी तो जाळीपाशी जायला लागला. मेट्रनबाई म्हणतात चुकीची भरपाई. चूक त्याची नव्हती. पण मला आता वाटतं, बूट काढले ते त्याला डाचत असणार.

मी दुकानात चाळीस वर्षं काचा घासल्या. अर्धा नंबर इकडचा तिकडे झाला तर माणसाला पायरी दिसत नाही, म्हणून एकेक काच चारचारदा तपासायचो. मालक म्हणायचा, तुझ्यासारखा काळजीवाहू कारागीर मिळायचा नाही. ती काळजी नव्हती, धाकटे. मला भीती वाटते. लहानपणापासून वाटते. माझ्या भीतीचं ओझं मधल्याने उचललं आणि मी त्याच्याबरोबर मोकळ्या हाताने चालत राहिलो.

काल भावजयीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, त्या तिने थांबवल्या नाहीत. म्हणाली, "मला शंका होतीच. मुलींच्या जन्माच्या वेळा मिनिटासकट सांगणारा माणूस, त्याचा आकडा चुकेल कसा?" थोड्या वेळाने म्हणाली, "पण तुम्ही दोघं छान गप्प बसलात. एकतीस वर्षं मी सतरा-एकाहत्तरवाल्याची बायको." मी म्हटलं, मी जातो. ती म्हणाली, "बसा. चहा ठेवलाय, तो कोण पिणार?" म्हणून बसलो.

मेट्रनबाईंना मी पान थांबवायला सांगितलंय. का ते सांगितलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. आता तुझं ते वाक्य ठेवायचं की काढायचं, तू ठरव. तेव्हा तुला ठरवू दिलं नाही.

मधल्याने तुला माझ्या नावाने जे निरोप दिले, ते त्याचे होते. माझा स्वतःचा असा हा पहिलाच. वाईट आहे, पण यात मी काही घातलेलं नाही. पोचला का, तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

दादा


२ मे

धाकटे,

कार्ड आलं. काल दुपारी आलं, आज लिहितोय.

दोनच वाक्यं. पहिलं, 'वाक्य काढ आणि पान लाव.' ते मी आज सकाळीच मेट्रनबाईंना सांगून आलो. पेंटर सोमवारी येतोय. बाईंना सगळं सांगितलं, जाळीपाशी उभा राहूनच. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग तुमचं काय लिहायचं पानावर?" मी म्हटलं, माझं काही नाही, पान त्याचं आहे. त्या म्हणाल्या, "बरं." आणि आत गेल्या, कुणाची तरी खाट बदलायची होती. मी तिथल्या बाकावर थोडा बसलो. एक बाई जाळीला तोंड लावून आत कुणाला तरी जोरजोरात सांगत होती, आणि आतून कुणी ओ देत नव्हतं. त्याच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

दुसरं वाक्य, 'फार उशिरा कळवलंस.'

खरं आहे. पण एक सांगायचं आहे, आणि रागावणार नसशील तर सांगतो.

तुझं एप्रिलमधलं पत्र आलं त्यात तू मला सगळीकडे 'तुम्ही' लिहिलं होतंस. 'तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.' 'तुमच्याकडून निरोप यायचा.' मी तेव्हा त्याबद्दल काही बोललो नाही. जन्मात तू मला तुम्ही म्हटलं नव्हतंस. आईने दटावलं तरी म्हणायची नाहीस. परक्याला लिहावं तसं स्वच्छ, पानभर तुम्ही. तारेचं सांगण्याआधी मी तीन दिवस घेतले, त्यातला एक दिवस त्यातच गेला.

आणि आता कार्डावर 'कळवलंस'.

शेवटचं अक्षर 'स' आहे की 'त', ते मी दुकानातलं भिंग लावून बघितलं. शाई तिथे जरा फुटली आहे. उजेडात धरलं, उलटं धरलं. मग भावजयीकडे नेलं. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला, आणि म्हणाली, "स आहे हो. किती वेळा बघाल?" तरी मी घरी येऊन पुन्हा बघितलं. स आहे.

रागाने लिहिलं असशील. रागात माणूस जुन्या सवयीने बोलतो, हे मला कळतं. कार्डावर जागा कमी, लिहायची घाई, हेही असेल. मी त्यातून काही काढत नाही. मी पुन्हा लिहीन, पुढच्या महिन्यात, आणि त्यात काय असेल ते अजून मला माहीत नाही. तू उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

फक्त एवढंच, की ते जर चुकून झालं असेल, तर दुरुस्त करू नकोस.

दादा